चंदनकाची घुंगूरमाळ

फार पूर्वी इंदीवर नावाच्या नगरात राजा जयघोष राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने एका अश्वपालाच्या घरी जन्म घेतला होता, आणि वयात आल्यावर तो राजाच्या पागेचा प्रमुख झाला होता. लोक त्याला उत्तिय म्हणत. पागेच्या भिंतीला लागूनच त्याचे घर होते. घरात त्याची बायको पाटला आणि तीन वर्षांची मुलगी सामा, एवढीच माणसे.

पागेत घोडे पुष्कळ होते, पण नगराचा जीव होता तो एकट्या चंदनकावर. उगाळलेल्या चंदनासारखा त्याचा रंग, रुंद छाती, आणि डोळे असे की माणसाचे बोलणे ऐकतो आहे असे वाटावे. दर वसंतोत्सवाला नगराबाहेरच्या तळ्याभोवती शर्यत होई. पाच राज्यांचे घोडे येत आणि तळ्याला तीन फेऱ्या घालत. चंदनक सलग सात वर्षे पहिला आला होता. जिंकलेल्या घोड्याच्या गळ्यात राजा आपल्या हाताने तांब्याची घुंगूरमाळ बांधी. ती माळ घालून चंदनक रस्त्याने निघाला की बायका हातातले काम टाकून दारात येत.

या माळेचा एक नियम होता. बांधायची राजाने, पण उतरवायची फक्त अश्वपालाने, तीही उत्सवात सर्वांसमोर. अश्वपालाने माळ उतरवली की त्या घोड्याची शर्यत कायमची सुटली. मग त्याला कुणी खोगीर घालायचे नाही, कुणी गाडीला जुंपायचे नाही. ऐकायला नियम चांगला होता. पण कधी काळी एका अश्वपालाने शेजारच्या राजाशी संधान बांधून धडधाकट घोड्याची माळ उतरवली होती म्हणे. तेव्हापासून नियमाला शेपूट जोडले गेले. जो अश्वपाल माळ उतरवील, त्याने त्याच दिवशी घोड्याला घेऊन, बायकापोरांसह नगर सोडायचे. आणि घोडा धडधाकट निघाला, तर त्या अश्वपालाने बंदिवासात जायचे.

नियम करणाऱ्यांना वाटले, आता कुणी खोटी माळ उतरवणार नाही. झाले भलतेच. त्यानंतर कुणी खरीही उतरवली नाही. घोडे म्हातारे होत, पाय दुखत असले तरी धावत, आणि एक दिवस तळ्याकाठी पडत. लोक हळहळत, फुले वाहत, आणि पुढच्या वर्षी नवा घोडा आणत. आपण काही चुकतो आहोत, असे कुणालाच वाटत नसे.

त्या वर्षी वसंतोत्सवाला महिनाभर होता. राजाने उत्तियाला उत्तरेकडे शिंगरे निवडायला पाठवले. जाताना तो पाटलाला म्हणाला, "चंदनकाची चंदी तू स्वतः शिजव. दुसऱ्या कुणावर सोडू नकोस."

"दरवेळी सांगायला हवं का?" पाटला म्हणाली. "सामाच्या आधी त्याचं पोट भरते मी. तीसुद्धा रुसते त्यावरून."

आणि ते खरे होते. रोज पहाटे उठून ती हुलगे शिजवायची, त्यात मूठभर जवस टाकायची, निवू द्यायची आणि टोपली डोक्यावर घेऊन पागेतल्या त्याच्या ठाणावर जायची. चंदनकाला तिच्या पावलांचा आवाज कळे. ती वळणावर आली की तो फुरफुरे.

पाटलाचा बाप मिठाचे तांडे हाकणारा होता. तिचे सगळे बालपण गाडीखाली गेले. ऊन आले की गाडीखाली, पाऊस आला तरी गाडीखाली. तिच्या पाठची एक बहीण तिथेच, एका पावसाळ्यात, थंडीने काकडून गेली. आई तिला छातीशी धरून बसली होती आणि बाप बैल सोडवत होता. पुढच्या मुक्कामाला पोचायचे होते. म्हणून लग्न होऊन या घरात आली त्या दिवशी पाटलाने आधी काय केले असेल, तर चारही भिंतींना हात लावून पाहिला. उत्तिय हसला होता. तिला हसू आले नव्हते.

उत्तिय जाऊन आठ दिवस झाले असतील. एका पहाटे चंदनक फुरफुरला नाही. पाटलाने टोपली खाली ठेवली. तो डावा पुढचा पाय जरा पुढे टाकून उभा होता, जसा एखादा माणूस दुखरा पाय लांब करून बसतो. तिने वाकून नडगीमागच्या शिरेवर हात ठेवला. शीर गरम होती. दुसऱ्या पायाला हात लावून पाहिला. तो गार होता.

तिला आधी घोडा आठवला नाही, आठवले ते घर. चूल, सामाची झोळी, छपराखाली सुकवलेल्या शेंगा. आणि मग तिने मागे वळून दाराकडे पाहिले. कुणी आले तर नव्हते.

तांड्यावर बैलांचे पाय आखडत तेव्हा तिची आई जे करायची, तेच तिने केले. एरंडाची पाने तव्यावर गरम केली, तिळाच्या तेलात मीठ घालून ते शिरेवर चोळले, वरून पाने बांधली आणि वर घोंगडीची पट्टी गुंडाळली. सूर्य वर यायच्या आत तिने सगळे सोडून पाय कोरडा पुसला. चंदनक दोन पावले चालला, चार चालला. चाल सरळ पडली. तिने सुटकेचा श्वास सोडला, पण तो श्वास काही पूर्ण बाहेर आला नाही.

थोड्या वेळाने तिचा भाऊ वल्लिय आला. चंदनकावर स्वार होणारा तोच. तरणाबांड गडी, तोंडाने सैल आणि हाताने हळवा.

"अक्का, किती चारतेस गं त्याला? एक दिवस हाच म्हणेल, वल्लिया, आता तू खाली वाक, मी बसतो."

"बस कर. उशीर झालाय तुला."

"मला? उन्हं तरी आली आहेत का अजून अंगणात!" त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले. "सामा बरी आहे ना?"

"बरी आहे. जा आता."

तो चंदनकाला तळ्याकाठच्या वाळूत घेऊन गेला. वाळू मऊ असते, तिच्यात घोड्याची खोट दिसत नाही. परतताना वल्लिय गुणगुणत आला, त्यावरून पाटलाने ओळखले की त्याला काही कळलेले नाही. तिला बरे वाटले. आणि बरे वाटले याचीच तिला भीती वाटली.

मग हे रोजचेच झाले. पहाटे पाने, तेल, पट्टी. ठाणावर शिरताना एकदा दाराकडे बघायचे, निघताना एकदा बघायचे. दिवसभर कानात घुंगरांचा आवाज. माळ वाजली की तिला वाटे, घोडा अडखळला. माळ थांबली की वाटे, घोडा बसला. सामा रडली तरी ती दचके. चंदनक मात्र तिने पाय हातात घेतला की मान खाली आणून तिच्या खांद्यावर टेकवी. त्याला बरे वाटत असे. त्याला काय कळणार, की हे औषध नसून झाकण आहे!

उत्सवाला चार दिवस उरले तेव्हा उत्तिय परतला. सामाला उचलून त्याने कडेवर घेतले आणि तसाच ठाणावर गेला. दुपारची वेळ होती. पहाटेची ऊब केव्हाच निघून गेली होती. चंदनक डावा पाय पुढे टाकून उभा होता.

उत्तियाने सामाला खाली ठेवले, चंदनकाचा दोर सोडला आणि त्याला बाहेर, नगराच्या वेशीपाशी नेले. तिथे रस्ता फरसबंदी होता. त्याने घोड्याला दुडक्या चालीने पन्नास पावले नेले आणि परत आणले. दगडावर टापा वाजल्या. तीन टापा भरीव, एक पोकळ. दर चौथ्या टापेला चंदनकाची मान वर उचलली जाई. पाटला दारातून बघत होती. तिने दाराची चौकट घट्ट धरली होती.

ठाणावर परत आल्यावर उत्तियाने वाकून ती शीर चाचपली. बोटे नाकाशी नेली. मग कोपऱ्यातल्या रांजणातले पाणी घेऊन हात धुतले. पाटलाला वाटले, आता बोलेल, आता ओरडेल. त्याने सामाला उचलले आणि तो घराकडे वळला.

संध्याकाळी सामाला भरवून झाल्यावर तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, "पाटला, मी त्याची माळ उतरवणार आहे."

ती तयारच होती. गेले अठरा दिवस ती मनात हेच बोलत होती. "अहो, एक वर्ष. एवढं एकच वर्ष धावू द्या. सामा चार वर्षांची होईल, रस्त्याने लांबवर चालू शकेल. पुढच्या वर्षी मी स्वतः तुमच्या हातात माळ देईन. शप्पथ."

"गेल्या वर्षी मीही हेच म्हटलं होतं."

"कुणाला?"

"मलाच," उत्तिय म्हणाला. "गेल्या उत्सवाच्या आधी मी त्याला ओढ्यावरून नेत होतो. हातभर रुंदीचा ओढा. तो उडी मारायच्या आधी थांबला. क्षणभरच. आधी कधी थांबत नसे. आणि मी काय केलं माहीत आहे? मी मागे वळून पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना. तो दिवस होता, पाटला. तो मी चुकवला. मग त्याने शर्यत जिंकली आणि मला वाटलं, बरं झालं चुकवला."

पाटलाला दाराकडे वळून पाहणारी स्वतःचीच मान दिसली. पण भीती मोठी होती. ती म्हणाली, "एखादा पाय आज दुखतो, उद्या बरा होतो. माणसाचं नाही का होत? दिवस आलाच म्हणून कुणी सांगावं?"

"घोडा सांगत नाही. तो शेवटपर्यंत धावतो म्हणतो. म्हणून आपल्याला आपल्याकडेच बघावं लागतं. ज्या दिवशी त्याचं काही लपवावंसं वाटलं, तो दिवस आला म्हणायचं."

"आणि आपण कुठे जायचं? सामाला घेऊन कुठे?"

"मला ठाऊक नाही," उत्तिय म्हणाला. आणि मग अगदी हळू, जसे जखमेवरची पट्टी सोडवावी तसे त्याने विचारले, "पाटला, त्याच्या पाठीवर कोण बसणार आहे?"

ती उठून आत गेली. चुलीपाशी बसली. अठरा दिवसांत तिने घर मोजले होते, भिंती मोजल्या होत्या, शेंगा मोजल्या होत्या. भावाला मोजायचे राहिले होते.

पुढचे तीन दिवस ती कुणाशी बोलली नाही. वल्लिय येऊन म्हणे, "दाजी आले तर अक्काची वाचा गेली. दाजी, उत्तरेतून काही मंत्रबिंत्र शिकून आलात का? मलाही शिकवा, लग्न झाल्यावर उपयोगी पडेल." उत्तिय हसे. पाटला भांडी घासत राही. रोज ती ठरवी, आज पाय बांधायचा नाही. त्या तीन पहाटा तिने खरोखरच बांधला नाही. उत्तिय चंदनकाला बाहेर काढत नव्हता. त्याला विसावा हवा, एवढेच वल्लियाला सांगितले होते. वल्लियाला वाटले, शर्यतीआधीची विश्रांती असेल.

पण उत्सवाच्या दिवशी पहाटे ढोल वाजू लागले, आणि ढोलाच्या पहिल्या थापेबरोबर ती उठून बसली. सामा झोळीत झोपली होती. तिच्या कपाळावरचे केस घामाने चिकटले होते. या छपराखाली शेवटची झोप, असे पाटलाच्या मनात आले मात्र, आणि तिचे हात तिला न विचारता कामाला लागले. तवा, एरंडाची पाने, तेल, मीठ. उत्तिय नदीवर गेला होता. तो परत यायच्या आत चंदनकाचा पाय गरम, मऊ आणि सरळ झाला होता. तिने स्वतःला सांगितले, मी काही ठरवलेले नाही. घोडा नीट चालला तर राजाच माळ उतरवू देणार नाही. माझ्या हातात काय आहे?

तळ्याकाठी सगळे नगर जमले होते. पाचही घोडे रांगेत उभे होते. ढोल ऐकून चंदनकाने मान उंच केली, शेपटी उडवली आणि मोठ्याने खिंकाळला. लोकांनी आरोळी ठोकली. वल्लिय त्याच्या गळ्यावर थोपटत उभा होता, अजून स्वार झालेला नव्हता.

उत्तिय रांगेतून पुढे आला आणि राजाला नमस्कार करून म्हणाला, "महाराज, चंदनकाची माळ मी आज उतरवतो आहे."

ढोल थांबले. वल्लिय दाजीकडे बघतच राहिला.

राजा जयघोष वाईट माणूस नव्हता. त्याचाही घोड्यावर जीव होता, पण शेजारचे चार राजे बाजूला बसले होते. तो म्हणाला, "काय झालं आहे त्याला?"

"डावा पाय, महाराज."

"चालवून दाखवा."

उत्तियाने घोड्याला मातीवरून दुडक्या चालीने नेले. तो स्वतः सर्वांत आधी चकित झाला. चंदनक सरळ चालला. मान वर झाली नाही, टाप चुकली नाही. घुंगरे एका लयीत वाजली. उत्तियाची नजर क्षणभर गर्दीत फिरली आणि सामाला कडेवर घेतलेल्या पाटलावर येऊन थांबली. मग ती नजर खाली वळली.

गर्दीतून कुणीतरी ओरडले, "उत्तरेत कुणाच्या पंगतीला बसून आलास रे उत्तिया?"

"महिनाभर गेला होता. पाहुणचार झकास झालेला दिसतोय!" दुसरा म्हणाला, आणि लोक हसले. हसण्यात राग होता.

राजाने हात वर केला. "उत्तिया, तू माझा जुना माणूस आहेस. मी काही ऐकलं नाही असं धरून चालतो. एवढी शर्यत होऊ दे. पागा जन्मभर तुझी, तुझ्या पाठीमागे तुझ्या मुलीच्या नवऱ्याची. घोड्याकडे बघ तरी. त्याला धावायचं आहे."

"हो महाराज, त्याला धावायचं आहे," उत्तिय म्हणाला. "तो नाही म्हणणारच नाही. त्याला तो शब्द येत नाही. म्हणून तर माळ उतरवायचं काम माणसाकडे दिलं आहे."

"आणि मला घोडा धडधाकट दिसतो आहे. धडधाकट घोड्याची माळ उतरवणाऱ्याला काय मिळतं ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मग पाय सरळ कसा पडतो, ते तरी सांग."

उत्तियाने चंदनकाच्या गळ्याभोवती हात नेले आणि माळेची गाठ सोडायला सुरुवात केली. दोन शिपाई पुढे सरकले.

पाटलाला तेव्हा कळले की तो सांगणार नाही. बंदिवासात जाईल, पण तिचे नाव घेणार नाही. आणि मग माळ पुन्हा बांधली जाईल, वल्लिय वर बसेल, दुसऱ्या फेरीला पायाची ऊब जाईल, आणि तळ्याच्या वळणावर ती शीर तुटेल. तिला ते सगळे स्वच्छ दिसले. घर तर तिने आपल्याच हाताने गमावले होते. त्याबरोबर आणखी काय काय जायचे, एवढेच आता उरले होते.

"महाराज!" ती ओरडली. आवाज फाटला. सामा घाबरून तिच्या गळ्याला बिलगली. लोकांनी वाट करून दिली, तशी ती पुढे आली. "पाय मी झाकला, महाराज. पहाटे गरम पानं बांधली, तेल चोळलं. तीन आठवडे हेच करते आहे. यांना मी सांगितलं नाही. यांनी ओळखलं, तरी बोलले नाहीत. शिक्षा करायची तर मला करा."

"का केलंस?" राजाने विचारले.

"घर सुटेल म्हणून." तिला याहून मोठे काही सांगायचे सुचले नाही. "मला रस्त्याची भीती वाटते, महाराज."

कुणी हसले नाही. राजाने थंड पाणी आणवले. चंदनकाचा पाय गुडघ्यापासून खुरापर्यंत धुतला, पुन्हा पुन्हा धुतला, आणि मग उत्तियाने त्याला वेशीच्या दगडांवर नेले. तीन टापा भरीव, एक पोकळ. चौथ्या टापेला मान वर. सगळ्या नगराने ते पाहिले. शेजारचे राजेही उठून उभे राहिले.

वल्लियाचा चेहरा पांढरा पडला होता. तो बहिणीजवळ आला आणि इतकेच म्हणाला, "अक्का, मी दुसऱ्या फेरीला त्याला नेहमी टाच मारतो गं."

पाटलाने सामाला त्याच्या हातात दिले आणि ती मातीत बसून रडली.

उत्तियाने माळ उतरवली आणि राजाच्या पायाशी ठेवली. राजा म्हणाला, "उत्तिया, घोडा खरोखरच दुखावलेला आहे. तू राहा. नियम मी मोडतो."

"महाराज, माझ्यासाठी मोडलात तर लोक म्हणतील, राजाचा लाडका होता म्हणून वाचला. मी जातो. माझ्यामागून जो अश्वपाल येईल, त्याच्यासाठी मोडा. त्याची बायको पहाटे उठून असं काही करणार नाही, एवढं करा."

त्या वर्षी चंदनकाच्या जागी पागेतली एक काळी घोडी धावली आणि चौथी आली. आभाळ काही कोसळले नाही. शर्यत संपायच्या आत राजाने नियमाचे ते शेपूट कापून टाकले. बंदिवास खोट्या माळेला तेवढा राहिला. दुखऱ्या घोड्याची माळ उतरवणाऱ्या अश्वपालाने मात्र यापुढे आपल्या घरात राहायचे आणि घोड्याने तळ्याकाठच्या कुरणात. पण तोवर उत्तियाचे कुटुंब वेशीबाहेर पडले होते.

चंदनक पुढे, हळूहळू. त्याच्या चालीने सगळ्यांना चालावे लागले. दर थोड्या अंतरावर तो थांबे, तसे तेही थांबत. पाटलाला पहिल्या दिवशी प्रत्येक झाडाची सावली मोजावीशी वाटली, की पाऊस आला तर सामा इथे मावेल का. संध्याकाळी बुरुडांची एक वस्ती लागली. तिथल्या म्हाताऱ्याने घोडा पाहिला आणि विचारले, "काय विकायला आणलंय?"

"काही नाही," उत्तिय म्हणाला. "हा म्हातारा झालाय. याला चरायला जागा हवी."

"मग राहा की. बांबूचा पाला खातो का तो?"

तिथेच ते राहिले. घर बांबूचे होते, भिंतींना हात लावला तर हलत. पाटला पुष्कळ दिवस वारा सुटला की दचकून उठे आणि सामाच्या अंगावर हात ठेवून बसे. भीती तिला सोडून गेली, असे कुणी म्हणू नये. पण चंदनकाचा पाय हातात घेताना तिने पुन्हा कधी मागे वळून पाहिले नाही. तेल ती अजूनही चोळत असे, पण आता भर दुपारी, सगळ्यांसमोर, आणि तो दिवसभर चालला नाही तरी कुणाचे काही बिघडत नसे. चंदनक आणखी नऊ वर्षे जगला आणि एका हिवाळ्यात, बांबूच्या बेटात उन्हाला उभा असताना, शांतपणे गेला.

ही कथा बुद्धत्व पावलेल्या शास्त्यांनी विहारात एका उपासिकेला सांगितली. तिचे नाव नंदवती. तिने बांधून दिलेल्या धर्मशाळेत सुस्वर नावाचे वृद्ध स्थविर भिक्षू प्रवचन देत, आणि त्यांच्या आवाजासाठी दूरदूरची माणसे येत. स्थविरांचा घसा सुजला होता. नंदवती रोज पहाटे मध आणि पिंपळीचा काढा नेऊन देई, म्हणजे सभेपुरता आवाज उघडे. माणसे येईनाशी झाली तर धर्मशाळा ओस पडेल, ही भीती तिला झोपू देत नव्हती. स्थविर काही बोलत नव्हते. त्यांना नाही म्हणणे जमत नव्हते.

कथा सांगून झाल्यावर शास्ते म्हणाले, "तेव्हाचा चंदनक म्हणजे आजचे हे स्थविर सुस्वर. राजा जयघोष म्हणजे या विहाराला दान देणारा नगरशेठ. वल्लिय म्हणजे तो तरुण भिक्षू, जो आजपासून स्थविरांच्या जागी प्रवचन देईल. पाटला म्हणजे तू, नंदवती. तेव्हाही तू घाबरलीस, आणि तेव्हाही घाबरलेली असतानाच खरे बोललीस. आणि अश्वपाल उत्तिय तो मीच होतो."

नंदवतीने हातातले मधाचे भांडे खाली ठेवले, स्थविरांच्या पायावर डोके टेकले आणि म्हणाली, "भंते, आता विसावा घ्या."

मनात भीती असतानाच, वेळ ओळखून आपल्या हाताने सोडून देणे, याला नैष्क्रम्य म्हणतात. बोधिसत्त्वाने त्या जन्मी बुद्धत्वाकडे नेणारी हीच पारमिता पूर्ण केली.